नदीतला यजमान

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. मला ज्याने सांगितली त्यालाही ते ठाऊक नव्हते, आणि त्याला ज्याने सांगितली त्यालाही.

एका नदीच्या काठी एक राज्य होते. नदी पूर्वेकडून वाहत यायची. त्यामुळे रोज सकाळी सूर्य थेट पाण्यातूनच वर आल्यासारखा दिसे. थंडीच्या दिवसांत तिथे असे धुके पडायचे की घाटावर उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नसत.

तिथला राजा वाईट नव्हता बरे का. न्याय नीट करायचा, कोणाला छळायचा नाही. राणी देवाघरी गेली होती. मागे एक लहान मुलगी होती आणि तिच्यावर राजाचा जीव होता. खोड म्हणाल तर एकच. राजा सकाळी उठायचा नाही.

मुलगी रोज उजाडता उजाडता यायची आणि त्याची दुलई ओढायची. "बाबा, उठा ना! नदीवर जाऊ. सूर्य वर येताना बघू."

"उद्या, बाळ. उद्या नक्की," राजा म्हणायचा आणि कूस बदलायचा.

असे किती उद्या आले आणि गेले, त्याची गणती त्या पोरीनेही सोडून दिली. पण यायची मात्र ती रोज.

पुढे राजाची तब्येत बिघडली. अन्नावरची वासना गेली. जिना चढताना धाप लागू लागली. चेहरा पिवळा पडला. म्हातारे राजवैद्य आले, नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "महाराज, घाबरण्यासारखं काही नाही. पण काढे पिऊन हे जायचं नाही. पहाटे उठा, नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा. उगवत्या सूर्याला ओंजळीनं अर्घ्य द्या. त्याची बारा नावं मोठ्यानं म्हणा आणि एकेका नावाला एकेक नमस्कार घाला. आंब्याला मोहोर येईपर्यंत तुम्ही पोरीला खांद्यावर घेऊन घाट चढाल."

"या मार्गशीर्षाच्या थंडीत?" राजाने दुलई गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"सूर्य याच थंडीत उगवतो, महाराज. त्याला आपण कधी दुलईत पाहिलंय का?"

राजाला हे काही रुचले नाही. त्याने राजउपाध्यायांना बोलावले. उपाध्याय विद्वान होते, स्वच्छ वाणीचे होते, पण राजाच्या कपाळावर आठी दिसली की त्यांची विद्या लगेच मऊ पडायची. ते म्हणाले, "महाराज, शास्त्रात सोय आहे. यजमान अशक्त असेल तर त्याचं नाव आणि गोत्र घेऊन उपाध्यायानं जप करावा. फळ यजमानाला लागतं."

"पण मी अशक्त आहे का?"

"थंडी सोसवत नाही म्हणजे अशक्तच की!"

दाराशी उभे असलेले वैद्य पुटपुटले, "भूक एकाला लागलेली, आणि जेवायला दुसरा." राजा हसला. उपाध्यायही हसले. वैद्य मात्र हसले नाहीत. आपला बटवा उचलून ते निघून गेले.

मग रीतीप्रमाणे अधिकार द्यायचा होता. उपाध्यायांनी पळीभर पाणी राजाच्या तळहातावर घातले. राजाने दुलईतून नुसता बाहेर काढलेला हात कलता केला आणि ते पाणी उपाध्यायांच्या हातावर सोडले. उठून बसण्याचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. झाले. आता नदी उपाध्यायांची आणि झोप राजाची.

दुसऱ्या दिवसापासून उपाध्याय पहाटे नदीत उतरू लागले. दातावर दात वाजत असत, तरी ते खणखणीत आवाजात संकल्प सांगायचे. राजाचे नाव घ्यायचे, गोत्र घ्यायचे, आणि म्हणायचे, "आमचे यजमान उठण्यास असमर्थ आहेत. त्यांना आरोग्य लाभो, बळ लाभो, दीर्घायुष्य लाभो." मग बारा नावे, बारा नमस्कार, आणि ओंजळीतले पाणी सूर्याला.

आता तुम्ही म्हणाल, यात काय बिघडले? आजाऱ्यासाठी दुसऱ्याने देवाला हात जोडू नयेत का? जोडावेत, जरूर जोडावेत. पण राजा तेव्हा उठू शकत होता. त्याला उठायचे नव्हते, एवढेच. आणि सूर्यासमोर, वाहत्या पाण्यात उभे राहून रोज सांगितले जात होते की तो उठू शकत नाही.

काही दिवस असेच गेले. एका पहाटे उपाध्यायांनी अर्घ्य दिले. त्यांच्या ओंजळीतले पाणी नदीत पडले आणि लगेच शेजारी आणखी एका ओंजळीचे पाणी पडल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिले. नुसते धुके होते. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वळून पाहिलेच नाही, कारण त्यांना भीती वाटली. ते घाईघाईने घाट चढले आणि वर पोचल्यावर त्यांनी मागे नजर टाकली. दगडी पायऱ्यांवर त्यांच्या ओल्या पावलांशेजारी आणखी कोणाची तरी पावले उमटली होती. ती अर्ध्या घाटापर्यंत आली होती आणि तिथेच संपली होती.

उपाध्याय कोणालाही काही बोलले नाहीत. राजाकडून शालजोडी मिळत होती, मान मिळत होता. ते स्वतःला म्हणाले, थंडीने डोके बधिर झाले असेल.

पण घाटावर काही एकटे उपाध्याय नसायचे. पाण्याला येणाऱ्या बायका असत, धुणे घेऊन येणारे परीट असत. थोड्याच दिवसांत गावभर झाले, "महाराज रोज पहाटे नदीवर येतात! उपाध्यायांच्या शेजारी उभे राहून अर्घ्य देतात! आणि काय तेज चढलंय चेहऱ्यावर!"

हुजऱ्याने ही बातमी राजाला अंथरुणात सांगितली. राजाला आधी नवल वाटले आणि मग हसू फुटले. कोणी तरी धुक्यात काही तरी पाहिले असेल, लोकांना काय, हवेतही राजा दिसतो! पण लोक स्तुती करत होते, ती त्याला गोड लागली. "बोलू देत," तो म्हणाला. "खोडून काढू नकोस."

अहो, इथे तरी त्याने उठायचे होते! एकदा घाटावर जाऊन पाहायचे होते, आपल्या नावाने तिथे कोण उभे राहते ते. पण आयती कीर्ती कोणाला नको असते? राजाने दुलई डोक्यावर घेतली.

त्याच दिवसांत मुलीने सकाळी येणे बंद केले. राजाच्या ते उशिरा लक्षात आले. एके दिवशी दुपारी ती धावत खोलीत आली, तर तिच्या पोलक्यावर दोन्ही काखांशी ओल्या पंज्यांचे ठसे होते. मोठ्या माणसाच्या पंज्यांचे.

"कुठं भिजलीस गं?"

"असं काय करता, बाबा? तुम्हीच तर मला उचललंत! घाटावर!" ती हसली. मग राजाच्या चेहऱ्याकडे बघत जरा थांबली. "बाबा, तुम्ही नदीवर असता तेव्हा डोळे का नाही मिटत? सूर्याकडे बघता, तरी मिटत नाहीत."

राजाच्या अंगावर काटा आला. त्याने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण तेवढ्यात खालून कोणी तरी तिला हाक मारली. आवाज ओळखीचा होता. तो त्याचा स्वतःचा आवाज होता. मुलगी "आले, बाबा!" म्हणत जिन्याकडे पळाली.

राजाने उठायचे ठरवले. या वेळी खरोखर ठरवले. पण पाय त्याचे ऐकेनात. मांड्या काटकुळ्या झाल्या होत्या. पलंगाचा खूर धरून तो उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. इतके दिवस जे खोटे सांगितले जात होते ते आता खरे झाले होते.

दुसऱ्या दिवशी हुजऱ्या आला आणि राजा अंथरुणात असतानाच दुलईची घडी घालू लागला. राजा ओरडला, "अरे, डोळे फुटले काय तुझे?" हुजऱ्या दचकला. त्याने इकडेतिकडे पाहिले, अंग शहारले त्याचे. "खिडकीतून वारा शिरतोय वाटतं," असे स्वतःशीच म्हणत त्याने खिडकी लावून घेतली आणि तो निघून गेला. जेवणाचे ताट त्या दिवसापासून वर आलेच नाही. ताट खाली दरबाराच्या सोप्यात जाऊ लागले.

तिथे आता तो नदीवरचा बसायचा. रोज सकाळी नदीवरून ओल्या अंगाने यायचा, पूर्वेकडे तोंड करून बसायचा. न्याय नीट करायचा. कोणी दुःख सांगितले तर पूर्ण ऐकून घ्यायचा. त्याचे हात कायम ओले असत आणि तरी ऊन असत. ज्याच्या पाठीवर तो हात ठेवी त्याला बरे वाटे. पण त्याची पापणी लवत नसे. पाया पडायला वाकलेली माणसे पुन्हा वर बघताना जरा चाचरत, आणि मग त्या उबेने विसरून जात.

एके दिवशी मुलगी आपली भातुकली शोधत वरच्या खोलीत आली. कोपऱ्यात अंधारात कोणी तरी बसलेले पाहून ती थबकली.

"तुम्ही कोण?" तिने विचारले.

राजा अंधारातून पुढे सरकला. "बाळ, मी बाबा."

ती एक पाऊल मागे सरली. मग जवळ आली आणि तिने बोटाने त्याचा हात चाचपून पाहिला. "नाही. बाबांचे हात गरम असतात. बाबा खाली आहेत." तिला दया आली असावी. "तुम्ही आजारी आहात का? बाबांना सांगू? ते तुमच्यासाठी सूर्याला पाणी घालतील."

ती गेली. राजा तोंडात दुलईचा बोळा कोंबून रडला. राज्य गेले त्याचे त्याला काही वाटले नाही. पोरीने विचारले, तुम्ही कोण, ते मात्र काळजात रुतले.

तो जिना बसून उतरला. भिंतीला धरून रस्ता चालला. भर दुपार होती, बाजार भरला होता, पण कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. एक गाय तेवढी हुंगून बाजूला झाली. घाटाजवळ उपाध्यायांचे घर होते. उपाध्यायांनी दारात त्याला पाहिले आणि त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. त्यांना तो दिसत होता.

"उपाध्याय, थांबवा! उद्यापासून नदीवर जाऊ नका."

"मी केव्हाच थांबलो, महाराज," उपाध्याय रडवेले होऊन म्हणाले. "पावलं पाहिली, तेव्हा नाही थांबलो. पण तो घाट चढून पूर्ण वर आला, माझ्याकडे बघून हसला, तेव्हापासून घराबाहेर पडलो नाही. पण आवाज थांबला नाही. रोज पहाटे नदीतून माझ्याच आवाजात संकल्प ऐकू येतो. यजमान उठण्यास असमर्थ आहेत. माझ्याच आवाजात, महाराज."

"कोण आहे तो?"

"तुमचं आरोग्य," उपाध्याय म्हणाले. "सूर्य देणारा आहे. मागितलं ते त्यानं दिलं. घ्यायला पाण्यात तुम्ही नव्हता. मग ते तिथंच साठत राहिलं आणि एक दिवस उभं राहिलं. आणि असमर्थपणा मी तुमच्या नावानं सांगत होतो, तो तेवढा तुमच्या घरी पोचला. पाप माझंही आहे. लोभानं तोंड बंद ठेवलं मी."

"मग आता?"

"उद्या रथसप्तमी आहे. तुम्ही स्वतः पाण्यात उतरा. स्वतःच्या तोंडानं बारा नावं म्हणा. तो म्हणण्याआधी म्हणा. दुसरं मला काही सुचत नाही."

रथसप्तमीच्या पहाटे अख्खे गाव घाटावर होते. दारोदार अंगणात शेण्या पेटवून बोळक्यांत दूध उतू घालायला ठेवले होते. धुके नदीवर बसून होते. कमरेएवढ्या पाण्यात तो उभा होता, ताठ, रुंद खांद्यांचा. पायरीवर त्याची मुलगी, म्हणजे राजाची मुलगी, हातात फुले घेऊन उभी होती.

राजा पाण्यात उतरला. थंडी हाडांत शिरली. याच थंडीला तो इतका भ्यायला होता, आणि आता त्याला वाटले, एवढीच होती का ही? तो त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने राजाकडे पाहिले. नजरेत राग नव्हता, काहीच नव्हते.

पूर्वेला तांबूस झाले. राजाने ओंजळ भरली आणि तोंड उघडले.

"मित्राय नमः," तो म्हणाला. "रवये नमः."

आणि पुढे त्याला काही येईना. लहानपणी शिकलेली नावे कधीच पुसून गेली होती. शिकायचे होते तेव्हा झोप होती, म्हणायचे होते तेव्हा उपाध्याय होते. तो ओठ हलवत राहिला. ओंजळीतले पाणी बोटांमधून गळून गेले.

शेजारचा पुढचे नाव म्हणाला. शांतपणे, स्वच्छ. मग त्याच्या पुढचे. राजा त्याच्यामागून म्हणू लागला, पण मागून म्हणणाऱ्याच्या आधी सूर्य पुढच्याला पोचतो. बारावे नाव झाले, आणि सूर्याची कड पाण्यावर आली.

"बाबा!" पायरीवरून मुलगी आनंदाने ओरडली.

दोघांनीही वळून पाहिले. राजाने हात पसरले. मुलगी पाण्यात धावत आली, त्याच्या अगदी जवळून गेली आणि दुसऱ्याच्या गळ्यात पडली.

तेव्हा त्या दुसऱ्याची पापणी लवली. आयुष्यात पहिल्यांदा. मग पुन्हा एकदा लवली, अगदी तुमच्याआमच्यासारखी. त्याने मुलीला खांद्यावर घेतले आणि तो घाट चढून निघून गेला.

राजा पाण्यात कोसळला. उपाध्यायांनी त्याला ओढून काढले, घरी नेले आणि पेज पाजली. राजा चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पाचव्या दिवशी पहाटे तो आपणहून उठला. "मला नावं शिकवा," तो म्हणाला. "तिसऱ्यापासून."

त्यानंतर तो रोज नदीत उतरला. राजवाड्याच्या घाटावर नाही, खालच्या अंगाला, जिथे गुरे पाणी पितात तिथे. स्वतःच्या तोंडाने म्हटले, स्वतःच्या अंगाने नमस्कार घातले. आंब्याला मोहोर आला आणि राजाला भूक लागली. पावसाळ्यापर्यंत त्याची छाती भरली. लोकांना तो पुन्हा दिसू लागला. पण दिसला तो कोणी एक धट्टाकट्टा गृहस्थ, नदीकाठचा. राजवाड्याच्या दाराशी तो एकदा जाऊन उभाही राहिला. पहारेकऱ्याने विचारले, "काय काम आहे, पाव्हणं?" आता काय सांगणार? झोपला होता तो राजा मी, असे? तो मुकाट्याने परत फिरला.

वर्षे गेली. एका रथसप्तमीला राजकन्या घाटाघाटावर तिळगूळ वाटत खालच्या अंगाला आली. चांगली मोठी झाली होती, आईसारखी दिसत होती. नुकत्याच पाण्यातून बाहेर आलेल्या त्या माणसासमोर ती थांबली. त्याच्या तळहातावर तिने तिळगूळ ठेवला, आणि त्याचा हात चांगला ऊन लागला म्हणून तिने कौतुकाने वर पाहिले.

"काका, तब्येत छान ठेवलीत हो! रोज येता वाटतं नदीवर?"

त्याने तिच्याकडे डोळे भरून पाहिले.

"हो, बाळ," तो म्हणाला. "आता रोज येतो."

ती हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

म्हणून मुलांनो, आणि मुलांपेक्षा मोठ्या माणसांनो, ध्यानात ठेवा: आपल्या अंगाने करायची साधना जो दुसऱ्याच्या तोंडी देतो, त्याच्या वाट्याचे आयुष्यही दुसराच जगून जातो.